दोनशिक्षकी शाळेत एआय कसा वापरायचा: कापसाच्या गणितापासून सुरुवात

नोव्हेंबरातली गोष्ट. चौथीतली एक मुलगी फळ्यावरच्या २३ गुणिले ८ समोर खडू धरून उभी होती. हातचा कुठे मांडायचा, तिला सुचेना. मी विचारलं, "काल आईनं किती कापूस वेचला?" "तेवीस किलो." "किलोले काय भाव?" "आठ रुपये." "मंग आईले किती भेटले?" ती क्षणभर ओठ हलवत राहिली आणि म्हणाली, "एकशे चौऱ्याऐंशी. पण मालकानं एकशे ऐंशीच देल्ले, चार बाकी हायेत."

तिला गुणाकार येत होता. फळ्यावरचा गुणाकार तिच्या ओळखीचा नव्हता, एवढंच. पुस्तकातलं गणित आणि घरातलं गणित यांच्यामध्ये वाट कशी पाडायची, हे आपल्यापैकी बहुतेकांना कळतं. अडतं ते वेळेपाशी. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोन. म्हणजे पाच वर्ग, दोन माणसं, वर पोषण आहाराच्या नोंदी, यूडायस या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती आणि दुपारी बाराला आलेला "आजच पाठवा" असा मेसेज. त्यात पाच वर्गांसाठी तीन-तीन स्तरांची गणितं रोज कोण लिहिणार?

ते लिहिण्याचं काम एआय करू शकतो. मी यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यातल्या अशाच शाळेत शिकवतो. दोन वर्षं धडपडून माझं मत पक्कं झालं आहे: आपल्या शाळांत एआयची जागा संध्याकाळी, शिक्षकाच्या फोनवर आहे. सकाळी मुलांच्या हातात कागद असावा, आणि आपण त्यांच्या शेजारी मांडी घालून बसायला मोकळे असावं. पुढचं सगळं याच हिशेबानं लिहिलं आहे.

आधी मुलं तपासा, मग फोन उघडा

पहिला आठवडा एआयला हात लावू नका. जूनच्या अखेरीस आपल्याकडे शाळा भरते, तेव्हा प्रत्येक मुलाला पाच मिनिटं एकट्याला जवळ बसवा. अक्षरं दाखवा, मग साधे शब्द, मग चार वाक्यांचा परिच्छेद, मग गोष्ट. मूल जिथे अडेल तो त्याचा स्तर. गणितात तसंच: अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीचं केंद्राचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, तेव्हापासून असे स्तर आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण माझ्या अनुभवात बऱ्याच ठिकाणी ते तक्त्यात भरण्यापुरते राहतात. इथे ते कामाला येतात.

ही तपासणी यंत्राला देऊ नका. मूल "पाटी" वाचताना "टीपा" म्हणतं की "पाती" म्हणतं, यातला फरक शेजारी बसलेल्या माणसालाच कळतो. पहिल्यात क्रम उलटतो, दुसऱ्यात अक्षर ओळखण्यात गफलत आहे, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा.

शेवटी तुमच्याकडे एक कागद असेल: कोणत्या इयत्तेत कोण, हे बाजूला ठेवून कोणत्या स्तरावर कोण. माझ्याकडे तिसरीतली दोन मुलं अक्षरांवर होती आणि दुसरीतली एक मुलगी गोष्ट वाचत होती.

सांगणं नेमकं हवं

जेमिनी, चॅटजीपीटी, कोपायलट या एआय ॲपांपैकी कोणतंही चालेल. मोफत आवृत्ती पुरते. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला. वऱ्हाडीत बोललात तर "मले"चं काहीतरी भलतंच उमटू शकतं, म्हणून त्या वेळी थोडं पुस्तकी बोललेलं बरं.

"चौथीसाठी गुणाकाराची गणिते दे" असं सांगितलं की सफरचंदं आणि चॉकलेटं येतात. त्यापेक्षा असं सांगा:

"मी विदर्भातल्या खेड्यातल्या मराठी शाळेत शिकवतो. मुलांचे आईवडील कापूस वेचायला जातात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, दर ८ रुपये धर. या एकाच विषयावर तीन स्तरांची शाब्दिक गणिते दे. पहिला स्तर: दोन अंकी बेरीज, एक पायरी. दुसरा स्तर: दोन अंकी गुणिले एक अंकी, एक पायरी. तिसरा स्तर: दोन किंवा तीन पायऱ्या, त्यात उधारी किंवा बाकी. प्रत्येक स्तराची पाच गणिते. वाक्य आठ शब्दांहून मोठे नको. 'कपास' नको, 'कापूस' लिही. उत्तरे शेवटी वेगळी दे."

यात पाच गोष्टी आहेत: मुलं कोण, विषय कोणता, स्तर कोणते, भाषा कशी आणि काय नको. पाचवी सांगायची राहते आणि नेमका तिथेच घोळ होतो. या साधनांच्या मराठीत हिंदीची सरमिसळ फार. कपास, किसान, मेहनत करून, च्या माध्यमातून. आलं की खोडा आणि पुढच्या वेळी "नको"च्या यादीत टाका. माझी ती यादी आता पानभर झाली आहे. फोनच्या नोंदवहीत ठेवली आहे, रोज वरून चिकटवतो.

तिसऱ्या स्तराचं एक गणित असं बाहेर पडलं: आईनं तीन दिवसांत २३, १९ आणि २६ किलो कापूस वेचला. दर ८ रुपये. दुकानाची ५०० रुपये उधारी दिली. हातात किती उरले? तीन मुलांनी मिळून सोडवलं. आधी ६८ किलो, मग ५४४ रुपये, मग ४४ रुपये. एकानं खाली स्वतःहून लिहिलं: "४४ रुपयात तेल येत नाही." त्या वाक्यावर आमचा परिसर अभ्यासाचा तास झाला.

तिन्ही स्तरांना विषय एकच ठेवा, हे मात्र नक्की करा. बहुवर्ग खोलीत पहिलीचं मूल बेरीज करतं आणि पाचवीचं हिशेब करतं, पण बोलणं सगळ्यांचं कापसाबद्दलच चालतं. म्हणून शेवटची दहा मिनिटं अख्खी खोली एकत्र बसू शकते. भंडारा-गोंदियाकडे धान घ्या, वरुड-मोर्शीकडे संत्रा, गडचिरोलीत मोहफुलं.

जोडाक्षरांचा घोळ

वाचनाचा मजकूर करून घेताना एक अडचण हमखास येते. शब्द स्तरावरच्या मुलांसाठी जोडाक्षरविरहित मजकूर लागतो. तुम्ही सांगाल "जोडाक्षरे नकोत", तो म्हणेल "हो", आणि पहिल्याच ओळीत लिहील, "सूर्य उगवला. सर्वत्र प्रकाश पसरला."

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे चिडचिड कमी होते. एआय आपल्यासारखं अक्षर अक्षर पाहत नाही. मजकूर त्याच्याकडे तुकड्यांनी जातो. एखादा तुकडा अर्ध्या शब्दाएवढा, एखादा एका अक्षराएवढा. त्या तुकड्यांवरून पुढे काय येण्याची शक्यता जास्त, हे तो निवडतो. त्यामुळे 'र्य' जोडाक्षर आहे हे विचारलं तर सांगेल, पण लिहिताना विसरेल.

उपाय आपल्याच हातात आहे. कागद समोर घ्या, पेन्सिलीनं प्रत्येक जोडाक्षराखाली रेघ मारा आणि शब्द बदला. सूर्य उगवला याचं "दिवस उगवला". प्रकाश म्हणजे "उजेड". मित्र म्हणजे "सोबती". रस्ता म्हणजे "वाट". स्वच्छ म्हणजे "साफ". हे शब्द मुलांच्या घरातलेच आहेत, आणि बदलल्यावर मजकूर आधीपेक्षा चांगला वाटतो. असा छोटा मजकूर आम्ही कागदाच्या पट्टीवर छापतो. आमच्या पहिल्या पट्टीवर शेवटी हे राहिलं:

"आई रानात गेली. मी पण गेले. आई कापूस वेचत होती. मी पण वेचला. ओटी भरली. दिवस मावळला. आता घरी जाऊ."

सात वाक्यं. यंत्रानं चौदा दिली होती. अक्षरांवर असलेल्या त्या दोन मुलांपैकी एकानं सहा आठवड्यांनी ही पट्टी अडखळत का होईना पूर्ण वाचली. "ओटी" शब्दावर तो थांबला नाही.

काय तपासायचं

मुलांपुढे जाणारा प्रत्येक कागद तुम्ही स्वतः सोडवलेला आणि मोठ्यानं वाचलेला असावा. याला सूट नाही.

गणितात उत्तरसूची आधी झाका आणि स्वतः सोडवा. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आले की दुप्पट काळजी घ्या. एका ॲपनं मला सव्वा क्विंटलचे १२० किलो करून दिले होते. १२५ हवेत. मूल चुकीचं उत्तर घेऊन घरी गेलं असतं तर काट्यावर रोज माल मोजणाऱ्या बापानं ते लगेच ओळखलं असतं, आणि मग शाळेच्या कागदावर त्याचा विश्वास कशाला राहील?

माहितीच्या पाठात माणसं, गावं, तारखा हे सगळं संशयानं पाहा. गाडगेबाबांवर दहा ओळी मागितल्या तेव्हा भाषा सुरेख होती आणि जन्मगाव भलत्याच जिल्ह्यात गेलं होतं. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. ही माहिती आपल्याला ठाऊक होती म्हणून चूक सापडली. जे आपल्याला ठाऊक नाही ते एआयकडून घेऊन मुलांना देऊ नये, इतका सोपा नियम मी पाळतो. कविता आणि संतांची वचनं तर त्याच्याकडून मुळीच घेऊ नका. न लिहिलेल्या ओळी तो खुशाल तुकडोजी महाराजांच्या नावावर घालतो.

चित्रं करून घेणार असाल तर त्यावर मराठी शब्द लिहायला सांगू नका. मात्रा-वेलांट्या जागेवर राहतील याची खात्री नसते. नुसतं चित्र घ्या, नाव हातानं लिहा.

पुस्तकाचं पान समोर ठेवा

चुका कमी करण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्याला मनानं बोलू न देणं. बालभारतीच्या पुस्तकाच्या पानाचा सरळ, उजेडात फोटो काढा, टाका आणि सांगा: "फक्त या पानावरच्या माहितीवरून प्रश्न तयार कर. पानावर नाही ते घेऊ नकोस. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणत्या ओळीत आहे ते सांग." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण ओळ दाखवता आली नाही तर तो प्रश्न बाद.

पीडीएफमधून मजकूर उचलायला जाल तर जुन्या फॉन्टमुळे कधी कधी चिन्हांचा ढीग मिळतो. फोटोच बरा. बरीच पानं एकत्र वापरायची असतील तर नोटबुकएलएम हे गूगलचं साधन पाहा. ते आपण दिलेल्या कागदपत्रांवरून उत्तर देतं आणि उत्तर कुठून घेतलं ते दाखवतं.

वेचणीच्या दिवसांत

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आपल्याकडच्या हजेरीपटावर काय होतं ते सांगायला नको. कोणी आईसोबत शेतात, कोणी धाकट्याला सांभाळत घरी, कोणी आईवडिलांसोबत दूर कामावर. मूल तीन आठवड्यांनी परततं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, ते मागे बसतं आणि हळूहळू येणंच बंद करतं. मला एआयचा सर्वांत मोठा उपयोग इथे झाला.

ज्या आठवड्यात जे शिकवलं, त्याचं एक वाक्य रोज फोनवर लिहून ठेवा. "सोमवार: हातच्याची वजाबाकी, शंभरपर्यंत." मूल परतलं की ती पंधरा-वीस वाक्यं एआयला द्या आणि सांगा: "यातल्या कोणत्या गोष्टी पुढच्या पाठाला अत्यावश्यक आहेत त्या निवड, आणि त्यांच्या पाच पट्ट्या कर. प्रत्येक पट्टीत एक सोडवलेले उदाहरण, एक अर्धवट सोडवलेले, दोन रिकामी." अर्धवट सोडवलेलं उदाहरण सोडू नका. मूल एकटं बसून शिकतं ते तिथेच. निवड बरोबर आहे का, हे मात्र तुम्ही ठरवा. तो कधी कधी अत्यावश्यक म्हणून सगळंच देतो.

एका कागदावर चार पट्ट्या बसवा, झेरॉक्स एकदाच काढा, पारदर्शक प्लास्टिकमध्ये घाला. मूल वरून पुसता येणाऱ्या मार्करनं सोडवतं, पुसतं, दुसरं घेतं. वर्षभरात एक कागद आठ-दहा मुलांच्या हातातून जातो. तालुक्याला झेरॉक्ससाठी जाण्याचा खर्च ज्यांनी खिशातून केला आहे त्यांना याचं मोल सांगावं लागणार नाही.

ज्यांच्या घरी फोन आहे त्यांना पट्टी पाठवण्याऐवजी तुमच्या आवाजात दोन मिनिटांचा निरोप पाठवा. रात्री आई फोन मधे ठेवते आणि सगळे ऐकतात. आवाज एआयचा नको, गुरुजींचा हवा. मुलांना तो ओळखू येतो.

रेंज नसताना वर्गात

रेंज आहे तिथे डाउनलोड करा, वर्गात ऑफलाइन वापरा. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपनं स्कॅन होतात आणि त्यातलं बरंच साहित्य उतरवून ठेवता येतं. अपूर्णांकासाठी मी 'फेट' वापरतो, म्हणजे पडद्यावर हलवून पाहायचे गणित-विज्ञानाचे प्रयोग. हे कोलोराडो विद्यापीठात २००२ साली नोबेल विजेते शास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी सुरू केलेलं मोफत काम. त्यातले अनेक प्रयोग मराठीत आहेत, आणि उतरवलेली फाइल इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते. शाळेच्या टीव्हीला लॅपटॉप जोडा, भाकरीचे तुकडे आधी खऱ्या भाकरीचे करा, मग पडद्यावरचे. उलट क्रमानं केलं तर मुलं फक्त पडदा पाहत बसतात.

चाचणीसाठी प्लिकर्स हे ॲप. मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येकाकडे वेगळ्या नक्षीचं कागदी कार्ड असतं, चार बाजू म्हणजे चार पर्याय, जी बाजू वर ते उत्तर. आपण फोन फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते दिसतं. लाजणारी मुलं इथे उत्तर देतात, कारण शेजाऱ्याला ते कळत नाही. कार्डं पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन केलं तर उजेड परावर्तित होऊन कॅमेरा चुकतो. नेट लागतं, पण थोडंच, फोनवर एक कांडी असली तरी निभावतं.

घरची भाषा

आमच्या गावाला लागून कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती आहे. तिथली मुलं घरी कोलामी बोलतात. कोलामी आणि गोंडी द्राविडी भाषा, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. मराठीशी त्यांचं जवळचं नातं नाही. २०२२ साली आलेली केंद्र सरकारची भाषांतर-सेवा भाषिणी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर उभी आहे, त्यांत या तिन्ही नाहीत. २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयानं 'आदि वाणी' हे भाषांतराचं ॲप आणलं, त्याची सुरुवात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडीपासून झाली. गडचिरोलीच्या मित्रांनी ते जरूर वापरून पाहावं, पण गोंडी मुलखागणिक बदलते, म्हणून आपल्या गावच्या माणसाकडून तपासून घ्यावं.

कोलामीसाठी एआयला विचारू नका. त्याला येत नाही आणि येत नाही हे तो कबूल करेलच असं नाही. आम्ही पोडावरच्या एका आजीला शाळेत बोलावलं. मुलं वस्तू उचलून दाखवायची, आजी नाव सांगायची, मी फोनवर रेकॉर्ड करायचो. चूल, पाणी, कुत्रा, पाऊस. आजीनं एक शब्द सांगितला की पहिलीतली कोलाम मुलं जोरात पुन्हा म्हणायची. वर्षभर वर्गात गप्प राहिलेला मुलगा त्या दिवशी मराठी बोलणाऱ्या मुलांचे उच्चार दुरुस्त करत होता. त्या शब्दांची दोन भाषांतली चित्रकार्डं झाली. एआयनं त्यात फक्त कागदाची मांडणी करून दिली.

नावं, फोटो आणि नोंदी

मुलाचं नाव, जात, आधार क्रमांक, फोटो, घरची परिस्थिती यातलं काहीही एआयमध्ये टाकू नका. "मुलगी क्रमांक ७" पुरतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक धरलं आहे आणि त्यांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी हेच केलं पाहिजे. ती माहिती आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली आहे.

प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी एआयकडून लिहून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. पण "मुलगा अभ्यासात रस घेतो, प्रगती समाधानकारक" अशा तीस सारख्या ओळी कोणाच्या कामाच्या? तुम्ही जे पाहिलं ते बोलून टाका: "वजाबाकीत हातचा विसरतो, पण मोठ्यानं म्हणत केली तर बरोबर येते." एआयला एवढंच सांगा की वाक्य नीट कर, काही वाढवू नकोस.

मोठ्या वर्गांना

आठवी-नववी-दहावीच्या शिक्षकांसाठी थोडक्यात. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या नियमात १३ वर्षांखालील मुलांना परवानगी नाही, १८ पर्यंत पालकांची संमती लागते. वापरलं तर शिक्षकाच्या फोनवर, सगळ्यांसमोर. आधी मुलानं वहीत स्वतःचं उत्तर लिहायचं, मग यंत्राला सांगायचं: "उत्तर सांगू नकोस, माझ्या उत्तरावर एकेक प्रश्न विचार." मग पेनानं उत्तर सुधारायचं. वहीत खोडलेलं आणि सुधारलेलं दोन्ही दिसलं पाहिजे.

महिन्यानं पुन्हा तपासा

चार आठवड्यांनी पहिल्या आठवड्यातलीच तपासणी पुन्हा करा. तोच कागद, तीच पाच मिनिटं. कोण पुढच्या स्तरावर गेलं, कोण तिथेच आहे. तिथेच असलेल्या मुलांना आणखी पट्ट्या देऊ नका, त्यांच्याजवळ बसा. माझ्याकडे त्या दोघांपैकी दुसरा मुलगा पट्ट्यांनी हललाच नाही. नंतर लक्षात आलं की त्याला फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं. चष्मा लागला.

ज्यानं फरक पडला नाही ते बंद करा, कितीही आवडलेलं असो. मी एआयकडून गाणी करून घेणं बंद केलं, मुलं गुणगुणत नव्हती.

आणि जे जमलं ते ठेवून द्या. फाइलला नाव देताना इयत्ता लिहू नका, विषय आणि स्तर लिहा: "कापूस-शब्द-स्तर", "कापूस-दोन-पायऱ्या". आपल्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेला जाताना पेन ड्राइव्ह सोबत न्या. शेजारच्या गावातल्या दोनशिक्षकी शाळेलाही उद्या तीच पट्टी लागणार आहे, आणि तिथली जोडाक्षरं तुम्ही आधीच काढलेली आहेत.